पंचफुलाबाईंची संत्रातुला

"पाच क्रेट," अरविंद भाऊजी म्हणाले.

"सहा," माझा नवरा प्रफुल्ल म्हणाला.

"पाचात होते. आईचा बांधा दिसाले मोठा हाये, पन हाडं हलके हायेत."

"लाव पैज. मागच्या साली तिच्या बुडाखालची खुर्ची मोडली थे विसरला का?"

दोघे भाऊ अंगणातल्या कडुनिंबाला मंडीतून आणलेला मोठा तराजू टांगत होते. लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना साखळ्या, आणि प्रत्येकी एक माणूस मांडी घालून बसेल एवढं पारडं. तराजूची परीक्षा म्हणून त्यांनी आधी खताची पोती तोलली, मग एकमेकांना तोललं, आणि मग आईच्या वजनाचा विषय निघाला. आई, म्हणजे माझी सासू पंचफुलाबाई, दहा हातांवर ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला दोन्ही कानांनी उत्तम ऐकू येत असे. शेंगा फार जोरात सोलल्या जाऊ लागल्या.

या गोष्टीला आता सतरा-अठरा वर्षं झाली. माझं लग्न होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मी अमरावतीची, बी. फार्म. झालेली, वरुडला एका मेडिकलमध्ये अर्धा दिवस बसायची. सासर संत्रावाल्यांचं. आमच्या नांदखेड्यात तुला करायची पद्धत आहे. ज्याचा मान करायचा त्याला एका पारड्यात बसवायचं आणि दुसऱ्यात त्याच्या वजनाइतकी संत्री टाकायची. ती संत्री मग आश्रमशाळेला जातात. आईची एकसष्टी डिसेंबरात येत होती, आंबिया बहाराची तोडणी ऐन भरात होती, आणि माझ्या सासऱ्यांनी, गुणवंतराव बेलसऱ्यांनी, तुलेची घोषणा थेट ग्रामसभेत करून टाकली होती. बायकोला त्यांनी नंतर सांगितलं.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एवढी घाई व्हायला कारण होतं. आदल्या वर्षी त्यांच्या चुलत भावाच्या, देवरावांच्या घरी कौसाबाईंची तुला झाली. कौसाबाई अंगानं किरकोळ. तीन क्रेटात पारडं वर गेलं. एक क्रेट वीस किलोचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तेव्हा गावानं लगेच हिशेब केला आणि देवरावांचं दान तीन क्रेटांचं निघालं म्हणून वर्षभर चेष्टा केली. मामाजींना हे ऐकून असा आनंद झाला होता की बस.

"आपल्या घरी पाचाच्या खाली गोष्टच नाई," ते पारावर, मंडीत, एस.टी. स्टँडवर सगळ्यांना सांगत. आई शेजारी उभी असली तरी सांगत. "थोरल्या घरची लक्ष्मी हाये. पाह्यजा."

त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. बैलजोडीचा असतो तसा त्यांना बायकोचा अभिमान होता, आणि बैलाला काय वाटतं याचा विचार त्यांनी जसा कधी केला नव्हता तसाच इथेही केला नाही. स्वतः मामाजी कपाशीच्या वाळल्या पराटीसारखे. धोतर त्यांच्या अंगावर नेसलेलं वाटत नसे, नुसतं अडकून राहत असे.

तुलेला तीन आठवडे उरले असताना आई बदलली. पहाटे उठून माळा झाडायला लागली. दिवाळीत घासलेली पितळी भांडी पुन्हा घासली. बोलणं भरभर व्हायला लागलं, एरवी ती दिवसाकाठी मोजून-मापून बोलणारी बाई. डिसेंबरच्या थंडीत कपाळावर घाम. आणि चहाचा कप उचलला की बांगड्या किणकिणायच्या, हात हलवत नसली तरी.

"आईले जोर आला," मामाजी खूश होऊन म्हणाले. "तुलेचा आनंद हाये."

मला शंका येत होती, पण मी काही शोधून काढलं वगैरे नाही. आईच एक दिवस माझ्या मागून धान्याच्या खोलीत आली, दार लोटलं आणि पदराखालून बाटली काढली.

"मंजूषा, तुह्या दुकानात हे भेटते का? सरत आलं."

बाटलीवर संत्र्याच्या पांढऱ्या फुलाचं चित्र होतं. आत केशरी कॅप्सूल. लेबलावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, कडू संत्र्याच्या सालीचा अर्क, खाली कॅफीन, आणि त्याखाली आणखी पाच-सहा वनस्पती, ज्यांचं एकमेकांशी काय नातं ते बनवणाऱ्यालाच माहीत.

"हे कुणी दिलं?"

"शुभांगीनं. नागपुराले तिच्या भिशीतल्या साऱ्या बाया घेतात. वजनावर हाये."

शुभांगीताई माझी नणंद. त्या वर्षी ती ही औषधं विकत होती, आदल्या वर्षी पाण्याचे फिल्टर विकत होती.

"आई, हे घेऊ नका. यानं नाडी वाढते, ब्लडप्रेशर चढतं. तुम्हाला आधीच प्रेशरची गोळी चालू आहे."

"संत्र्यानं?" आई माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत म्हणाली.

तिचंही बरोबर होतं. आमच्या घरात तापाला संत्र्याचा रस, तोंडाला चव नसली तर संत्र्याची फोड, चेहऱ्याला वाळल्या सालीची पूड, डासांना त्याच सालीचा धूर. पोरगी बघायला आलेल्यांनाही आधी संत्रं, मग पोहे. संत्र्यानं कुणाचं वाईट होतं, असं वाक्य त्या घरात चार पिढ्यांत कुणी उच्चारलं नव्हतं. मी नवी सून, मी ते उच्चारत होते.

"आपलं खायचं संत्रं वेगळं, आई. हे कडू संत्रं आहे. त्याच्या सालीचा अर्क काढलेला आहे."

"कडू हाये म्हनूनच तं औषध हाये. गोड असतं तं औषध कायचं?"

यावर फार्मसी कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं.

"आणि कशाबरोबर घेता?"

"कोऱ्या चहासंगं. शुभांगी म्हने चहासंगं लवकर लागते."

मी कपाळाला हात लावला. आई तुरीच्या पोत्यावर बसली. तिचा श्वास भरभर चालला होता, आणि हे धान्याच्या खोलीपर्यंत चालत आल्यामुळे नव्हतं.

"मले त्या पारड्यात नाई बसाचं," ती एकदम म्हणाली.

"मग नाही म्हणा ना मामाजींना."

"चाळीस वर्सात त्याईले कायले नाई म्हनलं नाई. आता साऱ्या गावाले सांगून बसले, अन् आता म्हनू?" तिनं पदरानं गळा पुसला. "मले पाहाले आले होते ना, तवा माह्या सासूनं दंड दाबून पाह्यला होता. म्हने पोरगी मजबूत हाये, पेट्या उचलन. तवा लाकडाच्या पेट्या असत. उचलल्या बाई. पोटात अरविंद होता तवाबी उचलल्या. कोनी मले जड म्हनलं नाई तवा. आता बसले तं म्हनतात किती क्रेटाची हाये."

मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, तो कुणाचा ते तेव्हा कळलं नाही.

"प्रफुल्लले सांगू नको," ती म्हणाली.

"तुम्ही हे बंद केलं तर नाही सांगणार."

"केलं बंद," आई म्हणाली आणि बाटली माझ्या हातात दिली. इतकी सहज दिली की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वर तिनं माझ्याकडून एक कबुली काढून घेतली. दुकानातला वजनाचा काटा मी पिशवीत घालून घरी आणायचा, तिला फक्त बघायचं होतं. आणला. रोज सकाळी धान्याच्या खोलीत ती त्यावर उभी राहायची, मी आकडा वाचायचे. पहिल्या दिवशी जो आकडा होता तोच दुसऱ्या दिवशी, तोच आठव्या दिवशी. काटा पावशेरानंही हलला नाही.

"अडकला असन काटा," आई म्हणाली आणि त्याला पायानं एक ठोसा दिला. मग काटा थोडा हलला, पण चुकीच्या दिशेला.

तुलेच्या तीन दिवस आधी सकाळी रोडग्यांचं पीठ चाळता चाळता आईनं चाळणी खाली ठेवली.

"मंजूषा, इकडं ये. माह्या छातीत कोनी कांडून रायलं."

मी मनगट धरलं. नाडी मोजायला घड्याळाकडे बघावं लागलं नाही. ती धावत होती, मधेच ठेचकाळत होती, पुन्हा धावत होती. ओठ कोरडे, हात गार. मी ओरडले. प्रफुल्लनं जीप काढली. मामाजी बागेतून धावत आले ते तसेच, पायात एकच चप्पल, पण हातात संत्र्यांची पिशवी. आमच्याकडे डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जात नाहीत, मग रोगी कोणत्याही अवस्थेत असो.

डॉक्टर गावंड्यांच्या दवाखान्यात आधीच सात-आठ पिशव्या भिंतीशी लागलेल्या होत्या. मामाजींनी आपली त्यांत ठेवली. आईला आत खाटेवर निजवलं, छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली.

"यांना काय काय औषध चालू आहे?"

"प्रेशरची गोळी," मामाजी म्हणाले. "आणखी काई नाई."

"आणखी काही? काढा, चूर्ण, कुणी दिलेलं?"

"आमच्या घरी असलं काई चालत नाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आईनं डोळे मिटून घेतले. मी वचन दिलं होतं हे खरं, पण त्या वचनाची दुसरी बाजू आईनं कधीच मोडली होती, हे तिच्या मिटलेल्या डोळ्यांवरून मला कळलं. शुभांगीताईनं कुरिअरनं दुसरी बाटली पाठवली होती. ती पिठाच्या डब्यात होती, हे पुढे कळलं.

"वजन कमी करायच्या कॅप्सूल घेत होत्या," मी म्हणाले. "कडू संत्र्याच्या सालीचा अर्क. त्यात कॅफीन पण आहे. आणि वरून कोरा चहा."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "मग हे असंच व्हायचं. त्या सालीतल्या द्रव्यानं नाडी वाढते, रक्तदाब चढतो. कॅफीन जोडीला मिळालं की आणखी. आणि यांना प्रेशरचा त्रास मुळातच. वेळेवर आणलंत. आज इथं ठेवू, नाडीवर लक्ष ठेवू. ते औषध आजपासून बंद म्हणजे बंद."

मामाजी उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, तुमी काय म्हनून रायले? संत्र्यानं झालं?"

"कडू संत्र्याच्या अर्कानं."

"माह्या आज्यानं बाग लावली. तवापासून आमच्या संत्र्यानं कोनाची नाडी वाढली नाई. तुमच्या दवाखान्यात हे सारे संत्रे पडून हायेत, तुमीबी खाता. तुमची वाढली का?"

"अहो, तुमच्या संत्र्याबद्दल नाही बोलत मी. ही जात वेगळी."

"कोनाच्या बागेतली?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "बाहेर देशातली असेल."

"मंग तसं सांगा ना," मामाजी म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की कुणाला वाटावं, बायको बरी झाली.

खाटेवरून आवाज आला.

"वजन उतरते का पन त्यानं? थेवढं सांगा."

डॉक्टर वळले. "थोड्या लोकांना थोडे आठवडे देऊन पाहिलेलं आहे, बाई. उतरतं, असं छातीवर हात ठेवून अजून कुणी सांगू शकलेलं नाही. छातीचं मात्र काय होतं ते तुम्ही पाहिलंच."

आईनं एक उसासा टाकला. तीन आठवड्यांचा कोरा चहा त्या उसाशात होता.

"पन काहून?" मामाजींना आता मूळ प्रश्न पडला. ते खरोखर गोंधळले होते. "तुह्या वजनाले काय झालं? चांगलं तं हाये."

आई छताकडे बघत राहिली.

"म्या काय म्हनून रायलो? पाच क्रेट भरतीन असं चांगलं—"

"मले नाई बसाचं," आई म्हणाली. आवाज लहान होता, पण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आलेला असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "लोक क्रेट मोजतीन."

"मोजूच दे ना! त्याच्याचसाठी तं कार्यक्रम हाये!"

"मंग तुमी बसा."

"मी?" मामाजी हसले. "मी बसलो तं दोन-अडीच क्रेटात खेळ खलास. देवराव काय म्हनन? सारं गाव हासन माह्यावर."

बोलले, आणि मग त्यांचं हसू तसंच राहिलं, विझलेल्या चुलीवर भांडं राहावं तसं. तारा लावलेलं यंत्र तेवढं टुकटुक करत होतं. प्रफुल्ल खिडकीतून बाहेर बघायला लागला, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मामाजींनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा आपल्या अनवाणी पायाकडे पाहिलं, आणि चहा पिऊन येतो म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नाडी ताळ्यावर आली. डॉक्टरांनी घरी सोडलं, पण बजावलं. चहा नाही, दगदग नाही, ओझं उचलणं नाही, कशालाही जोर लावायचा नाही.

जीपमध्ये आई माझ्या शेजारी होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "सांगू नको म्हनलं होतं ना तुले?"

"हो."

"मंग?"

"तुम्ही पण घेणार नाही म्हणाला होतात."

थोड्या वेळानं तिचा हात माझ्या मांडीवर येऊन पडला. तो थरथरत नव्हता, म्हणून मी तसाच राहू दिला.

घरी आल्यावर अरविंद भाऊजींनीच विषय काढला. "बाबा, तुलेचं रद्द करून टाकू. आईची तब्येत—"

"तुला होईन," मामाजी म्हणाले.

"पण डॉक्टर—"

"साऱ्या गावाले आवतन देलं. संत्रे तोडून ठेवले. तुला होईन म्हनजे होईन." आणि कंदील घेऊन बागेकडे निघाले, अजून उजेड होता तरी.

मला इतका संताप आला की हातातला तांब्या मी आपटूनच ठेवला. प्रफुल्लला म्हटलं, तुझ्या वडिलांना एवढं होऊनही अक्कल आली नाही. तो म्हणाला, बाबांचं असंच असतं. हे उत्तर त्या घरात सगळ्याच प्रश्नांना चालायचं. आतल्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तुलेच्या दिवशी सकाळी मी तिला लुगडं नेसायला मदत करत होते. हिरवं, रुंद काठाचं. ती म्हणाली, "जाऊ दे वं. बसते मी. किती वेळ लागते? डोये मिटून घेते."

"आई, मी जाऊन सांगते मामाजींना. सगळ्यांसमोर सांगते."

"नको. त्याईची मान खाली होईन." निऱ्या खोचताना तिनं पोट आत ओढून धरलं होतं. सोडतच नव्हती. मला रडू आलं, ते मी पदराला टाचणी लावण्याच्या निमित्तानं लपवलं.

बाहेर मांडव माणसांनी भरला होता. कडुनिंबाखाली तराजू, त्याला झेंडूची माळ. एका बाजूला क्रेटांची थप्पी, पिवळीजर्द. देवराव आणि कौसाबाई अगदी पुढच्या रांगेत येऊन बसले होते, मोजण्याची सोय असेल अशा जागी. शुभांगीताई नागपूरहून आली होती आणि आईच्या नजरेला नजर देत नव्हती. भटजी तांब्यात पाणी घेऊन तयार. मी आईचा हात धरून तिला ओट्यावरून उतरवलं आणि समोर पाहिलं, तर पारड्यात आधीच कुणीतरी बसलेलं होतं.

मामाजी बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मांडी घातलेली, दोन्ही हातांनी साखळ्या धरलेल्या.

"बाबा, उतरा," अरविंद भाऊजी हळूच म्हणाले. "आई आली."

"तिले खुर्ची दे. मान तिचा हाये, मानकऱ्यानं खुर्चीवर बसाचं. तू क्रेट टाक."

"पण तुला आईची—"

"टाक म्हनलं ना!"

भाऊजींनी पहिला क्रेट ठेवला. दुसरा ठेवला. तिसऱ्यातली निम्मी संत्री हातानं ओतली, तेवढ्यात दांडी सरळ झाली आणि मामाजी जमिनीवरून वीतभर उचलले गेले.

मांडवात कुजबुज झाली, मग कुणीतरी फिस्स केलं. देवराव तर या क्षणासाठी वर्षभर जगले होते. उठून उभे राहिले.

"दादा, अडीच! आमच्या घरी तीन लागले होते!"

आता मांडव मोकळेपणानं हसला. मामाजींचे कान लाल झाले. जी आपल्याला हसतील अशी भीती त्यांना उभा जन्म वाटत आली होती ती सगळी माणसं तिथे होती आणि हसत होती. मामाजी समोर बघत म्हणाले,

"मोज बाप्पा, मोज. अरविंद, टाक आणखी."

"बाबा, पारडं वर गेलं."

"जाऊ दे. पाच सांगतले होते, पाच पडतीन."

तिसरा पुरा झाला. चौथा पडला तेव्हा संत्र्यांचं पारडं धप्पकन जमिनीला टेकलं आणि मामाजी थेट कडुनिंबाच्या फांदीच्या दिशेनं गेले. पाचव्याला तर काही कामच उरलं नव्हतं, तरी पडला. मांडी सुटली, धोतरातून दोन काड्यांसारखे पाय लोंबू लागले, टोपी खाली पडली. पोरं टाळ्या पिटत होती. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि मामाजी वर साखळ्या धरून, जणू मंडीत भाव ऐकायला बसले आहेत अशा चेहऱ्यानं लोंबकळत होते. आईकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला तेव्हा कळलं की हा माणूस दोन दिवस बागेत कशाचा विचार करत होता. परवापासून मी त्यांना मनातल्या मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं मनातल्या मनातच मागे घेतलं.

भटजींनी पाणी सोडलं, मंत्र म्हटले, तुला संपली. आणि मग अडचण लक्षात आली.

"आता उतरवा बाबाले," प्रफुल्ल म्हणाला. "दोन क्रेट काढा तिकडून."

"हात लावू नका!" भटजी ओरडले. "पाणी सोडलं. दान झालं ते. पारड्यातनं दान मागं उचललं असं कधी ऐकलं का? आश्रमशाळेची माणसं येतील, तीच उचलतील."

"केव्हा येतील?"

"निघालेत म्हणे वरुडहून."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. कुणी म्हणालं शिडी आणा, कुणी म्हणालं उडी मारा गुणवंतराव. मामाजी म्हणाले, "राहू द्या. मले इथं काई त्रास नाई." पण त्यांचे हात थरथरायला लागले होते आणि साखळी करकरत होती. वय त्यांचंही सहासष्ट होतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उठली. मी तिला धरायला गेले, तिनं माझा हात बाजूला केला. साऱ्या मांडवाच्या मधून ती चालत गेली, सावकाश, कौसाबाईंच्या पुढून, देवरावांच्या पुढून, आणि तराजूपाशी जाऊन उभी राहिली. मघाशी आत ओढून धरलेलं पोट तिनं केव्हा सोडलं होतं कोण जाणे. हसणं हळूहळू थांबलं.

पारडं तिच्या छातीपर्यंत आलं होतं. तिनं त्याच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. मग हातांवर अंग टाकलं, सगळं.

दांडी कुरकुरली. समोरची संत्री, पाचही क्रेट, जमिनीवरून उठली आणि वर जाऊ लागली, आणि मामाजी खाली येऊ लागले. कुठेही धक्का नाही. तान्हं मूल पाळण्यातून उतरवावं तसं तिनं त्यांना सगळ्या गावासमोर जमिनीवर आणलं, आणि त्यांचे दोन्ही पाय मातीला लागेपर्यंत तशीच टेकून राहिली.

"उतरा," ती म्हणाली. "लोक जेवाले खोळंबले."

मामाजी उतरले. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं, डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली होती म्हणून. नाडी शांत चालली होती. तिनं जोर लावलाच नव्हता. ती नुसती टेकली होती.